रक्ताचा तुटवडा: प्रश्न दात्यांचा आहे, तसाच वापराचाही

एप्रिल-मे आला की महाराष्ट्रात एक बातमी ठरलेली असते: रक्तपेढ्यांमध्ये काही दिवस पुरेल एवढाच साठा शिल्लक. महाविद्यालयांना सुट्ट्या लागलेल्या असतात, नोकरदार मंडळी गावी गेलेली असतात, उन्हामुळे शिबिरे कमी होतात. मग रक्तदानाचे आवाहन केले जाते. याच राज्यात गणेशोत्सवात, शिवजयंतीला किंवा एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला एका दिवसात शेकडो पिशव्या रक्त गोळा होते.

दुसरी बातमी मात्र फारशी वाचली जात नाही. माहितीच्या अधिकारात मिळालेली आकडेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार त्याआधीच्या पाच वर्षांत देशभरात रक्ताच्या आणि रक्तघटकांच्या मिळून २८ लाखांहून अधिक पिशव्या वापराविना गेल्या होत्या. चाचणीत संसर्ग आढळलेले रक्त टाकावेच लागते, त्याला इलाज नाही. पण मुदत संपल्यामुळे टाकलेली पिशवी म्हणजे कुणीतरी मनापासून दिलेले आणि कुणाच्याही उपयोगी न पडलेले रक्त.

तुटवडा आणि नासाडी एकाच वेळी कशी असू शकते? याचे उत्तर बरेचसे रुग्णालयाच्या आत आहे. कोणता विभाग किती रक्त मागवतो, किती अडवून ठेवतो, कोणत्या रुग्णाला कधी देतो, यावर एका पिशवीचे भवितव्य ठरते. या निर्णयात रुग्ण आणि नातेवाईक म्हणून तुमचाही वाटा असतो. म्हणून हा विषय समजून घेऊ.

एका पिशवीतून काय काय निघते?

तुम्ही रक्तदान करता तेव्हा ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. ज्या रक्तपेढीत रक्तघटक वेगळे करण्याची सोय असते, तिथे या एका पिशवीतून तीन पिशव्या तयार होऊ शकतात.

• तांबड्या पेशी: २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. योग्य द्रावणात त्या ४२ दिवस टिकतात. शस्त्रक्रिया, अपघात, प्रसूतीतील रक्तस्राव, थॅलेसेमिया आणि तीव्र ॲनिमियासाठी यांची गरज लागते.
• प्लेटलेट: २० ते २४ अंशांना, यंत्रावर सतत हलवत ठेवाव्या लागतात. आयुष्य फक्त ५ दिवस. सर्वाधिक गरज कर्करोग विभागाला लागते.
• प्लाझ्मा: उणे ३० अंशांखाली गोठवल्यास वर्षभर टिकतो. रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेल्या आणि रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला देतात.

आता हिशेब बघा. वाढदिवसाच्या शिबिरात एका दिवशी शेकडो पिशव्या जमल्या, तर त्यातल्या प्लेटलेट आठवड्याच्या आत आणि तांबड्या पेशी सहा आठवड्यांत वापराव्या लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमलेले रक्त मे महिन्यासाठी साठवून ठेवता येत नाही. म्हणून एकाच दिवशी मोठा आकडा गाठण्यापेक्षा वर्षभर थोडे थोडे रक्त येत राहणे अधिक उपयोगाचे.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण असते. जिथे घटक वेगळे करण्याची यंत्रणा नाही, तिथे संपूर्ण रक्तच द्यावे लागते. ज्या रक्ताचा उपयोग दोन-तीन रुग्णांना झाला असता, ते एकालाच जाते.

शस्त्रक्रिया विभाग: राखून ठेवलेली पिशवी

शस्त्रक्रियेच्या आधी तुम्हाला सांगितले जाते, "दोन पिशव्या तयार ठेवा." रक्तपेढी तुमच्या रुग्णाच्या रक्ताशी दोन पिशव्या जुळवून बघते आणि त्याच्या नावाने बाजूला काढते. या पिशव्या साधारण एक ते तीन दिवस दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत.

समजा, एका आठवड्यात अशा दहा शस्त्रक्रिया झाल्या. वीस पिशव्या राखल्या आणि प्रत्यक्षात चारच लागल्या. उरलेल्या सोळा पिशव्या परत साठ्यात गेल्या, पण त्यांच्या आयुष्यातले दोन-तीन दिवस वाया गेले. तीच पिशवी पुन्हा पुन्हा राखली गेली की अखेरीस मुदत संपते. त्याच वेळी साठा कमी दिसतो म्हणून दुसऱ्या कुणाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते.

हे मोजण्याची एक सोपी पद्धत आहे: जुळवलेल्या पिशव्या भागिले प्रत्यक्ष दिलेल्या पिशव्या. उत्तर दोनच्या आसपास असेल तर मागणी योग्य समजतात. आपल्या उदाहरणात ते पाच आले, म्हणजे गरजेपेक्षा खूपच जास्त रक्त अडकले.

यावर उपायही आहे. ज्या शस्त्रक्रियांत सहसा रक्त लागत नाही, त्यांच्यासाठी रुग्णाचा रक्तगट आणि रक्तातील अँटीबॉडी आधी तपासून ठेवतात. पिशवी राखत नाहीत. अचानक गरज पडलीच तर थोड्या वेळात सुरक्षित रक्त मिळू शकते. कोणत्या शस्त्रक्रियेला किती रक्त मागवायचे, याचे तक्ते अनेक रुग्णालयांनी स्वतःच्या नोंदींवरून तयार केले आहेत. "रक्त राखून ठेवले नाही" म्हणजे हलगर्जीपणा झाला, असे समजू नका. रक्तगट व अँटीबॉडी तपासल्या आहेत का आणि रक्तपेढी किती अंतरावर आहे, हे विचारा.

अतिदक्षता विभाग: हिमोग्लोबिन कितीवर आले की रक्त द्यायचे?

पूर्वी हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की रक्त लावण्याची पद्धत होती. १९९९ मध्ये कॅनडात अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने ही समजूत बदलली. एका गटाला १० च्या खाली गेल्यावर रक्त दिले, दुसऱ्या गटाला ७ च्या खाली गेल्यावर. कमी रक्त मिळालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण वाढले नाही. २०११ मध्ये खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या रुग्णांचा अभ्यास आला. तिथेही ८ पर्यंत थांबल्याने नुकसान दिसले नाही.

या आणि अशा अनेक अभ्यासांवर आधारलेल्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना साधारण अशा आहेत: रक्तस्राव होत नसलेल्या, स्थिर प्रकृतीच्या प्रौढ रुग्णाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्ताचा विचार करावा. हृदयाच्या शस्त्रक्रियेत ७.५ आणि अस्थिरोग शस्त्रक्रियेत किंवा आधीपासून हृदयविकार असेल तर ८ ही मर्यादा धरावी.

पण हे आकडे सर्वांना सरसकट लावू नका. हृदयविकाराचा झटका आणि सोबत ॲनिमिया असलेल्या सुमारे साडेतीन हजार रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी रक्त देणे निर्धोक असल्याचे सिद्ध झाले नाही. उलट जास्त रक्त देण्याच्या बाजूने थोडा कल दिसला. थॅलेसेमियाच्या मुलांचे हिमोग्लोबिन तर ९ च्या वर राखावे लागते आणि त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. जोरात रक्तस्राव होत असेल तर आकडा येण्याची वाट बघत बसायचे नसते. काटकसर म्हणजे प्रत्येकाचे रक्त कमी करणे नव्हे. ज्याला उपयोग नाही त्याला न देता, ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ते वाचवणे, हा तिचा अर्थ आहे.

एका पिशवीने प्रौढ रुग्णाचे हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढते. म्हणून स्थिर रुग्णाला एक पिशवी द्यावी, तपासावे, आणि गरज असेल तरच दुसरी द्यावी, असा आता शिरस्ता आहे. "लावायचेच आहे तर दोन लावा" ही जुनी सवय.

अतिदक्षता विभागात रक्त कमी होण्याचे आणखी एक कारण म्हणजे आपल्याच तपासण्या. रोज अनेक नळ्या भरून रक्त काढले जाते. कॅनडातील २५ अतिदक्षता विभागांत नेहमीच्या नळ्यांऐवजी कमी रक्त खेचणाऱ्या नळ्या वापरून बघितल्या. सर्व रुग्ण धरून केलेल्या मोजणीत १०० रुग्णांमागे सुमारे १० पिशव्यांची बचत झाली, आणि तपासण्या अडल्या नाहीत.

प्रसूती आणि अपघात विभाग: इथे घाई हवी

प्रसूतीनंतर अचानक रक्तस्राव सुरू झाला तर मिनिटे महत्त्वाची असतात. इतर विभागांनी अनावश्यक रक्त अडवू नये, याचे मोठे कारण म्हणजे हा विभाग. त्या बाईला लागणारी पिशवी कुणा दुसऱ्याच्या नावाने राखलेली असू नये.

इथेही रक्त देण्याबरोबर रक्त वाचवणारे औषध आहे. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे स्वस्त औषध रक्ताची गुठळी टिकवून धरते. २०१० मध्ये अपघातग्रस्तांवर आणि २०१७ मध्ये प्रसूतीनंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रियांवर मोठे आंतरराष्ट्रीय अभ्यास झाले. प्रत्येकात २० हजारांहून अधिक रुग्ण होते. दोन्हींमध्ये रक्तस्रावामुळे होणारे मृत्यू कमी झाले. औषध पहिल्या तीन तासांत द्यावे लागते.

तातडीच्या वेळी रक्तगट कळायच्या आत ओ निगेटिव्ह रक्त दिले जाते. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह रक्त असलेले लोक थोडे, साधारण ५ टक्के. म्हणून पुरुषांना आणि मूल होण्याचे वय उलटलेल्या स्त्रियांना अशा वेळी ओ पॉझिटिव्ह देऊन ओ निगेटिव्ह रक्त तरुण स्त्रियांसाठी वाचवता येते. हा निर्णय डॉक्टरांचा असतो, पण असे केले तर त्यामागचे कारण तुम्हाला माहीत असावे.

पावसाळ्यातला डेंग्यू आणि प्लेटलेटची धावाधाव

दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर संदेश फिरतात: "प्लेटलेट ४० हजारांवर आल्या, तातडीने दाते हवेत." घरच्यांची घालमेल समजण्यासारखी आहे. पण रक्तस्राव नसलेल्या डेंग्यूच्या रुग्णाला केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट देण्याचा फायदा दिसत नाही. सिंगापूर आणि मलेशियातील ३७२ प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात, प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली असतानाही, प्लेटलेट दिलेल्या गटात रक्तस्राव लक्षणीय कमी झाला नाही. दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली गेल्यावरच विचार करावा, असे आपल्याकडच्या सूचना सांगतात. डेंग्यूमध्ये रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि पोटदुखी-उलट्यांसारखी धोक्याची लक्षणे यांच्यावर लक्ष ठेवणे जास्त महत्त्वाचे असते.

या धावपळीची किंमत कोण देते? केमोथेरपी घेणारा रुग्ण. त्याची अस्थिमज्जा प्लेटलेट बनवू शकत नाही आणि त्याला त्या खरोखर लागतात. पाच दिवस टिकणारी वस्तू डेंग्यू वॉर्डात गेली की कर्करोग वॉर्डात कमी पडते.

प्लाझ्माचेही तसेच आहे. अंगात ताकद यावी, सूज उतरावी, प्रथिने वाढावीत म्हणून प्लाझ्मा देण्याला शास्त्रीय आधार नाही.

सर्वांत मोठी बचत घरातून सुरू होते

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. देशपातळीवर हे प्रमाण ५७ टक्के आहे. म्हणजे गर्भाशयाच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या अनेक स्त्रिया मुळातच कमी रक्तावर येतात. शस्त्रक्रियेत थोडेसे रक्त गेले तरी पिशवी लावण्याची वेळ येते.

शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तातडीची नसेल, तर तारीख घेतानाच हिमोग्लोबिन तपासा. लोहाची कमतरता निघाली तर गोळ्यांना परिणाम दाखवायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येते. पण ऐन वेळी इंजेक्शन घेतले की काम झाले, असे समजू नका. २०२० मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस ते काही आठवडे आधी शिरेतून लोह देऊनही रक्त देण्याचे प्रमाण कमी झाले नव्हते. कमतरतेचे कारण, म्हणजे जास्त पाळी, मूळव्याध किंवा आतड्यातील रक्तस्राव, शोधून लवकर उपचार सुरू करणे हाच खरा मार्ग.

एका राज्याने हे करून दाखवले

ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने २००८ पासून सरकारी रुग्णालयांत याच गोष्टी एकत्र राबवल्या: ॲनिमियावर आधी उपचार, शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करणे, रक्त देण्याची मर्यादा ठरवणे, एकेक पिशवी देणे. चार मोठ्या रुग्णालयांतील सहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सहा वर्षांत रक्तघटकांचा वापर ४१ टक्क्यांनी घटला. रुग्णालयातील मृत्यू, संसर्ग आणि मुक्कामाचे दिवसही वाढण्याऐवजी कमी झाले. अशा नोंदींवरून मृत्यू कमी होण्याचे सगळे श्रेय एकाच कारणाला देता येत नाही. पण रक्त कमी वापरल्याने रुग्णांचे नुकसान झाले नाही, एवढे नक्की दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सर्व देशांना ही पद्धत तातडीने स्वीकारायला सांगितले.

मग आपल्याकडे घोडे कुठे अडते?

नियमांची वानवा नाही. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या, पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. २०१५ पासून एका रक्तपेढीतील जास्तीचे रक्त दुसऱ्या रक्तपेढीला देण्याची परवानगी आहे. ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर रक्तपेढ्यांचा साठा बघता येतो. रक्त दिल्यावर होणाऱ्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून सुरू आहे.

अडचण रोजच्या कामात आहे. रक्त न दिल्याबद्दल दोष येईल ही भीती डॉक्टरांना असते, जास्त दिल्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. कोणत्या विभागाने किती रक्त मागवले आणि किती वापरले, याचा मासिक हिशेब अनेक ठिकाणी मांडलाच जात नाही. आणि नातेवाईकही म्हणतात, "डॉक्टर, एक बाटली रक्त लावून टाका, तरतरी येईल." या तिन्हींचा भार शेवटी रक्तपेढीवर पडतो. रक्तपेढी तो "आधी दाते आणा" म्हणून पुन्हा तुमच्यावर टाकते. बदली दात्याची ही पद्धत हळूहळू बंद करावी, असे राष्ट्रीय रक्त धोरण २००२ पासून सांगत आहे. अनोळखी शहरात दाते न मिळालेले कुटुंब मग दलालाच्या हाती सापडते.

तुम्ही काय विचारू शकता?

१. रक्त कशासाठी हवे आहे? हिमोग्लोबिनचा आकडा, रक्तस्राव की लक्षणे?
२. कोणता घटक देणार आहात आणि किती? एक दिल्यावर पुन्हा तपासणार का?
३. लोह किंवा दुसरे औषध चालेल इतका वेळ आपल्याकडे आहे का?
४. शस्त्रक्रियेसाठी राखलेल्या पिशव्या लागल्या नाहीत, तर त्या लगेच मोकळ्या करणार ना?
५. आपण जवळच्या नातेवाइकाचे रक्त द्यायचे ठरवले असेल, तर ते विकिरण करून देणार का? रक्ताच्या नात्यातील दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे क्वचित, पण जीवघेणी गुंतागुंत होऊ शकते.

रक्ताची पिशवी वॉर्डात आली की ती साध्या फ्रीजमध्ये किंवा टेबलावर पडून राहू देऊ नका, परिचारिकेला लगेच सांगा. बाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलेली पिशवी परत साठ्यात घेता येत नाही, आणि सुरू केलेली पिशवी चार तासांत संपवावी लागते. रक्तपेढीतून तुम्ही स्वतः पिशवी आणणार असाल, तर रुग्णाची तयारी झाल्यावरच निघा.

बिलही बघा. रक्त विकता येत नाही, फक्त प्रक्रिया शुल्क घेता येते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी हे पुन्हा बजावले. तेव्हाच्या दरांनुसार संपूर्ण रक्त किंवा तांबड्या पेशींच्या पिशवीला कमाल १,५५० रुपये, आणि प्लाझ्मा किंवा साध्या प्लेटलेटच्या पिशवीला ४०० रुपये. विशेष चाचण्या आणि एकाच दात्याकडून यंत्राने घेतलेल्या प्लेटलेट यांचे दर वेगळे असतात.

हे प्रश्न विचारताना एक भान ठेवा. डॉक्टरांनी आत्ताच रक्त हवे असे सांगितले, रुग्णाला रक्तस्राव होत असेल, श्वास लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर हा लेख पुढे करून वेळ घालवू नका. संमती द्या, प्रश्न नंतर विचारा.

आणि रक्तदान करत राहा. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. जवळच्या रक्तपेढीला फोन करून तुमच्या गटाची गरज केव्हा आहे ते विचारा आणि त्या दिवशी जा. मे महिन्यातल्या एखाद्या रिकाम्या मंगळवारी दिलेली तुमची एक पिशवी मोठ्या शिबिरातल्या तीनशेव्या पिशवीपेक्षा लवकर एखाद्या रुग्णापर्यंत पोहोचेल.